सोयाबीनच्या पावत्यांमधून मध्यक: डेटाबेससाठी स्वतःचं फंक्शन कसं बांधायचं

बाजार समितीच्या भावपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. कास्तकार मात्र काट्यावर उभा राहून विचारतो, "माझ्यासारख्याले काल काय भाव भेटला?" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर म्हणजे मध्यक. सगळे भाव चढत्या क्रमानं लावायचे आणि बरोबर मधला उचलायचा. दहावीच्या गणितात हे सगळ्यांनी केलेलं असतं. पण शेतकरी उत्पादक कंपनीच्या किंवा एखाद्या अडत दुकानाच्या संगणकावर हेच करायला बसलं, की कळतं की अनेक डेटाबेसांत सरासरीचं फंक्शन आहे, बेरजेचं आहे, मध्यकाचं नाही. ते आपल्यालाच बांधावं लागतं.

हा लेख त्यासाठी आहे. तुम्हाला टेबल बनवता येतं आणि साधी क्वेरी लिहिता येते, एवढं मी धरून चालतो.

सरासरीवर का भागत नाही, ते एका दिवसाच्या सात पावत्यांवर बघा. भाव क्विंटलमागे, रुपयांत: २,६००, ४,१००, ४,२००, ४,२५०, ४,३००, ४,३५०, ४,४००. पहिली पावती पावसात भिजलेल्या मालाची. सरासरी येते सुमारे ४,०२९ आणि सातपैकी सहा जणांना त्याहून जास्त भाव मिळालेला आहे. मध्यक येतो ४,२५०. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्याच्याशी तुलना करून तक्रार मांडायची असेल, तर यातला कोणता आकडा पुढे ठेवता याला महत्त्व आहे. एका भिजलेल्या ढिगामुळे खाली आलेली सरासरी समोरचा माणूस एका वाक्यात उडवून लावतो.

लागणारं सामान

- पावत्यांची मूळ नोंद: वही, एक्सेल किंवा जुन्या सॉफ्टवेअरमधून काढलेली फाइल
- एक डेटाबेस: पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा एसक्यूलाइट, यापैकी कोणताही
- एसक्यूलाइट वापरणार असाल तर पायथन
- कागद, पेन आणि पावत्या लिहिणारा मुनीम. त्याला विचारल्याशिवाय पुढच्या अर्ध्या गोष्टी कळत नाहीत.

नमुन्यांबद्दल एक सूचना. वाचायला सोपं जावं म्हणून इथं आदेशसुद्धा देवनागरीत लिहिले आहेत. टंकताना ते रोमन अक्षरांत टाका आणि आकडे इंग्रजी टाका. टेबलांची आणि स्तंभांची नावं पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये खरोखर देवनागरीत चालतात, पण माझं मत विचाराल तर रोमनच ठेवा. उद्या दुसऱ्याच कोणाला ती टंकावी लागतात.

१. आधी नियम कागदावर लिहा

कोड लिहिण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं ठरवा.

पावत्या सम संख्येत असतील तर काय? वरच्या सातमधली भिजलेली पावती काढली तर सहा उरतात आणि मधले भाव दोन होतात, ४,२५० आणि ४,३००. त्यांची सरासरी ४,२७५. पण ४,२७५ ने त्या दिवशी कोणीच माल विकलेला नाही. कागदोपत्री अहवालाला हे चालतं. "हा भाव कोणत्या पावतीचा, दाखवा" असं विचारणारे लोक असतील, तर दोनपैकी खालचा भाव घ्यायचा असा नियम करा. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. एकाच अहवालात दोन्ही येणं चूक आहे.

भाव रिकामा असेल तर? ती पावती मोजणीतूनच बाहेर ठेवायची. डेटाबेसची स्वतःची सरासरीची आणि बेरजेची फंक्शनंही रिकाम्या किमती, म्हणजे नल, सोडून देतात. आपलं फंक्शन वेगळं वागलं तर लोक गोंधळतील.

एकही पावती नसेल तर? उत्तर नल आलं पाहिजे, शून्य नाही. शून्य भाव ही बातमी होते, बाप्पा.

आणि उत्तर कोणत्या प्रकारात हवं? रुपये-पैशांचा हिशेब असल्यामुळे दशांश संख्येचा नेमका प्रकार, म्हणजे न्यूमेरिक किंवा डेसिमल, धरा.

२. भावाचा स्तंभ साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो आणि तो जाऊ द्यावा. मध्यक पूर्णपणे क्रमावर उभा असतो. एका जागी क्रम बिघडला तरी फंक्शन काही न कुरकुरता चुकीचा आकडा देतं.

*आकडे मजकूर म्हणून साठवलेले.* एक्सेलमधून आणलेल्या फाइलीत हे हमखास असतं. मजकुराचा क्रम पहिल्या अक्षरापासून लागतो, म्हणून तुरीचा १०,२०० हा भाव ९,८०० च्या आधी जाऊन बसतो. सोयाबीन चार हजारांच्या घरात असेपर्यंत काही कळत नाही. तूर पाच आकड्यांत गेली की बिंग फुटतं.

*देवनागरी आकडे.* मुनीम मराठी कीबोर्डवर "४२५०" टंकतो. पोस्टग्रेसला हे संख्येत बदलायला सांगितलं तर तो सरळ चूक दाखवतो. तेच बरं. एसक्यूलाइट काही न बोलता त्याचं शून्य करतो. उपाय पोस्टग्रेसमध्ये सोपा आहे: ट्रान्सलेट या फंक्शनला एका बाजूला दहा देवनागरी अंक आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्रमानं दहा इंग्रजी अंक द्या, मग संख्येत बदला.

*स्वल्पविराम.* "४,२५०" इंग्रजी आकड्यांत असलं तरी एसक्यूलाइट संख्येत बदलताना स्वल्पविरामापाशी थांबतो आणि भाव होतो चार रुपये. आधी रिप्लेसनं स्वल्पविराम काढा. पावतीवरची "/-" ही शेपूटही तशीच छाटा.

एसक्यूलाइटची आणखी एक खोड. स्तंभ संख्येचा म्हणून जाहीर केला तरी त्यात मजकूर बसू शकतो आणि क्रम लावताना सगळा मजकूर सगळ्या संख्यांच्या नंतर येतो. म्हणजे स्वल्पविरामवाल्या पावत्या "सर्वांत महाग" ठरून शेवटी जातात आणि मध्यक वर सरकतो. हे एका ओळीत पकडता येतं:

सिलेक्ट टाइपऑफ(भाव), काउंट(*) फ्रॉम पावत्या ग्रुप बाय टाइपऑफ(भाव);

उत्तरात 'टेक्स्ट' दिसलं की पुढे जाऊ नका.

*शून्य भाव.* माल उतरला, वजन झालं, भाव उद्याच्या हर्रासात, म्हणजे लिलावात, ठरणार. अशा पावतीवर मुनीम भावाच्या घरात शून्य टाकून ठेवतो, कारण सॉफ्टवेअर घर रिकामं सोडू देत नाही. त्या शून्यांचं नलइफ(भाव, ०) वापरून नल करा. पण आधी त्यालाच विचारा. कधीकधी शून्याचा अर्थ "माल परत नेला" असाही असतो.

*वजन.* "१२-४०" म्हणजे बारा क्विंटल चाळीस किलो. एक्सेल याची तारीख करून टाकतो. वजन किलोत, पूर्ण संख्येत साठवा: १२४०. याची गरज सातव्या पायरीला पडेल.

३. तयार फंक्शन आहे का, ते बघा

पोस्टग्रेसमध्ये मध्यक या नावाचं काही नाही, पण ९.४ आवृत्तीपासून पर्सेंटाइल_कॉन्ट आहे:

सिलेक्ट पर्सेंटाइल_कॉन्ट(०.५) विदिन ग्रुप (ऑर्डर बाय भाव) फ्रॉम पावत्या;

हे मधल्या दोन भावांची सरासरी देतं. खालचा खरा भाव हवा असेल तर पर्सेंटाइल_डिस्क. पहिल्या पायरीतला पहिला प्रश्न इथं एका शब्दाच्या फरकानं सुटतो. दोन अडचणी लक्षात ठेवा. पर्सेंटाइल_कॉन्टचं उत्तर डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे अंदाजे दशांश साठवणाऱ्या प्रकारात, येतं. त्याला दोन दशांशांपर्यंत राउंड करायला गेलात तर "असं फंक्शनच नाही" अशी चूक येते, म्हणून आधी न्यूमेरिकमध्ये बदला. दुसरी अडचण म्हणजे हे फंक्शन ओव्हरसोबत, म्हणजे ओळी न गुंडाळता प्रत्येक ओळीशेजारी उत्तर देणाऱ्या रूपात, चालत नाही. प्रत्येक पावतीशेजारी तिच्या गावाचा मध्यक हवा असेल, तर आधी गावनिहाय काढून मग जोडावं लागतं.

ओरॅकलमध्ये मीडियन नावाचं फंक्शन आहेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून पर्सेंटाइल_कॉन्ट आहे, पण तिथं उलट ओव्हर लिहावंच लागतं आणि एकच उत्तर प्रत्येक ओळीवर छापलं जातं. डिस्टिंक्ट लावून एक ओळ ठेवा. मारियाडीबीत १०.३ पासून मीडियन आहे, तेही ओव्हरसोबतच. एसक्यूलाइटच्या कमांड लाइन साधनात ऑक्टोबर २०२४ च्या ३.४७ आवृत्तीपासून मीडियन चालतं, पण इतर ॲपमधून तीच फाइल उघडली तर ते मिळेलच असं धरू नका.

मायएसक्यूएलमध्ये काहीच नाही. मात्र झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकदम बसवणारं पॅकेज) बसवला असेल तर थांबा. त्याच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं दिसतं, आत मारियाडीबी असतो. सिलेक्ट व्हर्जन() चालवून बघा आणि मगच मार्ग निवडा.

४. काहीच तयार नसेल तर: ओळींना क्रमांक देऊन

मायएसक्यूएल ८.० पासून विंडो फंक्शनं, म्हणजे ओव्हरसोबत चालणारी फंक्शनं, आली आहेत, म्हणून हा मार्ग तिथं चालतो:

विथ रांग ॲज (
 सिलेक्ट भाव,
 रो_नंबर() ओव्हर (ऑर्डर बाय भाव) ॲज क्रम,
 काउंट(*) ओव्हर () ॲज एकूण
 फ्रॉम पावत्या व्हेअर भाव इज नॉट नल
)
सिलेक्ट एव्हीजी(भाव) फ्रॉम रांग
व्हेअर क्रम इन ((एकूण + १) डिव्ह २, (एकूण + २) डिव्ह २);

पावत्या सात असतील तर दोन्ही कंसांतून चारच येतं, सहा असतील तर तीन आणि चार. सम-विषमसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही.

यातला "डिव्ह" जपा. मायएसक्यूएलमध्ये साध्या तिरप्या रेघेनं भागलं तर अपूर्णांक येतो. सात पावत्यांना चार आणि साडेचार येतील, चौथी ओळ सापडेल, उत्तर बरोबर येईल. सहा पावत्यांना साडेतीन आणि चार येतील, फक्त चौथी ओळ सापडेल आणि ४,२७५ ऐवजी ४,३०० छापलं जाईल. विषम दिवशी बरोबर आणि सम दिवशी चूक, असली चूक हंगाम संपेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. पोस्टग्रेसमध्ये याच्या उलट आहे. तिथं पूर्ण संख्यांचा भागाकार आपोआप पूर्ण येतो आणि डिव्ह हा शब्दच असा चालत नाही, तिथं रेघच वापरा.

रो_नंबरऐवजी रँक वापरायचा मोह होतो. वापरू नका. चार जणांना सारखाच भाव मिळाला की रँक चौघांना एकच क्रमांक देतो, पुढचे क्रमांक गाळतो आणि मधली ओळ सापडतच नाही.

५. पोस्टग्रेसमध्ये स्वतःचं ॲग्रिगेट

पर्सेंटाइल_कॉन्टचं लांबलचक वाक्य रोज लिहायचा कंटाळा येतो, आणि न्यूमेरिक उत्तर हवंच असतं. तेव्हा स्वतःचं ॲग्रिगेट, म्हणजे अनेक ओळींचं एक उत्तर देणारं फंक्शन, बांधा. त्याला दोन भाग लागतात. पहिला भाग एकेक भाव गोळा करत जातो, त्यासाठी ॲरे_अपेंड तयारच आहे. दुसरा भाग शेवटी एकदाच चालतो, तो आपण लिहायचा:

क्रिएट फंक्शन मध्यक_शेवट(न्यूमेरिक[]) रिटर्न्स न्यूमेरिक
लँग्वेज एसक्यूएल इम्यूटेबल ॲज $$
 सिलेक्ट (य[(न+१)/२] + य[(न+२)/२]) / २
 फ्रॉम (सिलेक्ट य, कार्डिनॅलिटी(य) ॲज न
 फ्रॉम (सिलेक्ट ॲरे(सिलेक्ट क फ्रॉम अननेस्ट($१) क
 व्हेअर क इज नॉट नल ऑर्डर बाय क) ॲज य) अ) ब
$$;

क्रिएट ॲग्रिगेट मध्यक(न्यूमेरिक) (
 एसफंक = ॲरे_अपेंड, एसटाइप = न्यूमेरिक[],
 फायनलफंक = मध्यक_शेवट, इनिटकाँड = '{}'
);

ॲरे_अपेंड नललाही यादीत घेतो, म्हणून नल गाळण्याची अट शेवटच्या फंक्शनमध्ये ठेवली आहे. ती विसरलात तर नल क्रमात शेवटी जातात, मोजणीत मात्र धरले जातात. यादी रिकामी असेल तर सापडत नसलेल्या जागेवरून नल येतं, म्हणजे पहिल्या पायरीतला तिसरा नियम आपोआप पाळला जातो. यादीचा प्रकार पूर्ण संख्येचा ठेवू नका. ४,२५० आणि ४,२७५ यांची सरासरी ४,२६२.५० आहे, पूर्ण संख्यांत ती ४,२६२ होते आणि पन्नास पैसे हवेत जातात.

याचा तोटाही सांगतो. तयार पर्सेंटाइल_कॉन्ट क्रम लावताना वर्क_मेम, म्हणजे त्या कामाला दिलेली मेमरी, संपली की डिस्कवर जातो (ती मुळात ४ एमबी असते). आपली यादी मात्र पूर्णच्या पूर्ण मेमरीत बसते. एका कंपनीच्या हंगामभराच्या पावत्यांना काही होणार नाही. पूर्ण जिल्ह्याची कित्येक वर्षांची आवक एकत्र करणार असाल, तर तयार फंक्शनच वापरा. या ॲग्रिगेटचा फायदा एक: हे ओव्हरसोबत चालतं.

६. एसक्यूलाइट आणि पायथन

एकच संगणक आणि कधीही जाणारी लाइट असेल, तिथं मी एसक्यूलाइटच सुचवतो. सगळा डेटा एका फाइलीत राहतो, पेन ड्राइव्हवर कॉपी काढून घरी नेता येते. पायथनमध्ये क्रिएट_ॲग्रिगेट आहे. एक क्लास लिहायचा, त्यात स्टेप आणि फायनलाइझ अशा दोन मेथड. स्टेपमध्ये किंमत नन (पायथनमधलं नल) नसेल तर यादीत टाकायची. फायनलाइझमध्ये यादी रिकामी असेल तर नन परत करायचं, नाहीतर स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलचं मीडियन. रिकाम्या यादीची तपासणी गाळू नका, कारण ते मीडियन रिकाम्या यादीवर चूक फेकतं आणि पूर्ण क्वेरी पडते. खालचा खरा भाव हवा असेल तर त्याच मॉड्यूलमध्ये मीडियन_लो आहे.

हे फंक्शन फाइलीत साठत नाही. ते त्या जोडणीपुरतंच असतं. त्यावर व्ह्यू बनवून ठेवला आणि दुसऱ्यानं ती फाइल वेगळ्या साधनात उघडली, तर "असं फंक्शन नाही" एवढंच त्याला दिसेल.

७. पावत्यांचा मध्यक की मालाचा?

वरच्या सात पावत्यांची वजनं क्रमानं अशी धरा: ३, ५, ४, ६, ८, ३० आणि १२ क्विंटल. एकूण ६८. आतापर्यंतचा मध्यक, ४,२५०, प्रत्येक पावतीला एक मत देतो. तीन क्विंटलवाल्यालाही एक, ट्रॉली भरून तीस क्विंटल आणणाऱ्यालाही एक. कास्तकाराच्या प्रश्नाला हेच बरोबर आहे.

व्यापाऱ्याला किंवा कंपनीच्या संचालकांना वेगळं हवं असतं: निम्मा माल कोणत्या भावापर्यंत विकला गेला? तिथं वजनं चढत्या भावानं साठवत जायची. ३, ८, १२, १८, २६, ५६. निम्मे म्हणजे ३४ क्विंटल सहाव्या पावतीत ओलांडले जातात. उत्तर ४,३५०.

दोन आकड्यांत शंभर रुपयांचा फरक पडला आणि खोटा त्यातला एकही नाही. मोठा ढीग, एकसारखा वाळवलेला माल, त्याला हर्रासात बोली वर जाते. हा फरक दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच दिसतो, म्हणून अहवालात दोन्ही द्या आणि नावं स्पष्ट ठेवा: "पावतीनिहाय" आणि "वजननिहाय".

विथ साठा ॲज (
 सिलेक्ट भाव,
 सम(किलो) ओव्हर (ऑर्डर बाय भाव) ॲज आतापर्यंत,
 सम(किलो) ओव्हर () ॲज सगळे
 फ्रॉम पावत्या व्हेअर भाव इज नॉट नल
)
सिलेक्ट मिन(भाव) फ्रॉम साठा व्हेअर २ * आतापर्यंत >= सगळे;

एकूण वजनाला दोननं भागण्याऐवजी साठ्याला दोननं गुणलं आहे. भागाकारात अर्धा किलो इकडे-तिकडे होण्याची भानगडच राहत नाही. साठा बरोबर निम्म्यावर येऊन थांबला तर ही क्वेरी खालचा भाव देते. तुमचा नियम सरासरीचा असेल, तर त्या एका प्रसंगासाठी पुढचा भावही घ्यावा लागेल.

८. गावांच्या मध्यकांवरून तालुक्याचा मध्यक काढू नका

बेरजांची बेरीज चालते. मध्यकांचं काहीच चालत नाही. एका गावच्या पाच पावत्या ४,०००, ४,०५०, ४,१००, ४,१५०, ४,२००, म्हणजे मध्यक ४,१००. दुसऱ्या गावची एकच, ४,४००. दोन मध्यकांची सरासरी ४,२५०. सहाही पावत्या एकत्र लावल्या तर खरा मध्यक ४,१२५.

डेटाबेसवाल्यांमध्ये हे जुनंच ज्ञान आहे. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात फंक्शनांचे जे गट पाडले, त्यात मध्यक 'होलिस्टिक' गटात येतो: तुकड्यांची उत्तरं जोडून पूर्ण उत्तर मिळत नाही, मूळ ओळी लागतातच. त्यामुळे प्रत्येक केंद्राकडून महिन्याचा मध्यक मागवून काही उपयोग नाही. पावत्याच मागवा. हिंगणघाट, वणी, कारंजा असा तीन ठिकाणी तुमचा माल जात असेल, तर तिन्हीकडच्या पावत्या एकाच टेबलात आणा आणि बाजाराचं नाव वेगळ्या स्तंभात ठेवा.

९. तपासणी

एक छोटं टेबल बनवून पुढच्या प्रत्येक प्रसंगाचं उत्तर आधी हातानं काढा आणि मग फंक्शनचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा:

- एकही ओळ नाही
- एकच ओळ
- दोन ओळी, बेरीज विषम येईल अशा
- सगळे भाव सारखे
- सहा ओळी आणि त्यात दोन नल
- सगळेच नल
- एक भाव चार आकडी, एक पाच आकडी

पाचवा प्रसंग सगळ्यात जास्त फंक्शनं पाडतो. चार खऱ्या भावांचा मध्यक यायला हवा, सहाचा नाही.

१०. संगणक बदलताना

पोस्टग्रेसचा पीजी_डंप, म्हणजे पूर्ण डेटाबेसची नक्कल, घेतला की ॲग्रिगेट त्यात येतं, पण फक्त एका टेबलाचा डंप घेतलात तर येत नाही. मायएसक्यूएलमध्ये चौथ्या पायरीतली क्वेरी स्टोअर्ड प्रोसीजर करून ठेवली असेल, तर मायएसक्यूएलडंपला रूटीन्सचा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. एसक्यूलाइटची फाइल नेताना पायथनची फाइलही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आणि पहिल्या पायरीतली चार उत्तरं फंक्शनच्या वर टिप्पणी म्हणून मराठीत लिहून ठेवा, तारखेसकट. पुढच्या हंगामात ते काम दुसऱ्या पोराकडे गेलेलं असतं.